नाव तेवढं बदललं होतं

सौंसर
९ फेब्रुवारी १९८७, सोमवार

जयश्रीताई,

वर 'जय भीम' लिहिलं, खोडलं. मग 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, तेही खोडलं. तुमच्यासाठी कोणताच शब्द हातातून उतरून नाही राहिला, म्हणून नुसतं नाव.

तुमचं कार्ड पोचलं. पंधरा मार्चले तुम्ही भोपाळहून पाहुणे घेऊन येणार, खैरटेकडीचं महिला मंडळ दाखवणार. लिहिता, 'शकुंतलाबाईला बोलायला तयार ठेव, ती फार मोकळं बोलते.' बोलत होती, ताई. आता नाही बोलत. माझ्याशी नाही, नवऱ्याशी नाही, कोणाशीच नाही. दाराशी तूर निवडत बसते अन् कोणी आलं की सूप घेऊन आत जाते.

अन् हो, हे पत्र मी बोलते तसंच लिहीन. चार वर्षं तुम्ही इथं संस्थेत आमाले शिकवलं, माझ्या वहीत 'मले' खोडून 'मला' करत गेल्या. मी शिकली. शुद्ध लिहिता लिहिता खोटं लिहिणंही शिकली. तर आज राहू द्या.

तुमचं पुस्तक आलं दिवाळीनंतर. अरविंदबाबूंनी, म्हणजे आपल्या सेक्रेटरींनी, दहा प्रती मागवल्या. कव्हरवर हंडा घेतलेली बाई, आत 'लोकांमध्ये काम करण्याचा पाया आणि कौशल्ये'. प्रकरण सातवं, 'विश्वास कसा संपादन करावा'. त्या सातव्या प्रकरणात तुम्ही काय छापलं ते तुमाले पाठ असेल, पण मी पुन्हा लिहून दाखवते. 'सौंसर तहसिलातील ख. गावातील श. ही महिला. पती बौद्ध विहार समितीचे अध्यक्ष. सोळा वर्षांच्या थोरल्या मुलीला मिरगीचे झटके येत. पतीपासून लपवून, माहेरी जाते असे सांगून, श. ही मुलीला आणि जावेला घेऊन जामसांवलीच्या हनुमान मंदिरात अकरा दिवस राहिली. ही गोष्ट तिने कार्यकर्तीला दीड वर्षाच्या परिचयानंतर सांगितली.' पुढे दोन पानं तिचेच शब्द. जसेच्या तसे.

वा ताई! श. म्हणे. ख. म्हणे.

मागच्या महिन्यात बावीस तारखेले ब्लॉकच्या हॉलमध्ये अंगणवाडीच्या बायांचं शिबिर झालं. सौंसर, पांढुर्णा दोन्हीकडच्या बाया होत्या. तुमच्या पुस्तकाच्या त्या दहा प्रती बायांमध्ये वाटल्या अन् एकेकीले उभं करून वाचायले लावलं. सातवं प्रकरण ज्या बाईच्या वाट्याले आलं तिचं नाव उषाबाई. पांढुर्ण्याची. तिच्या बहिणीच्या पोराशी आपल्या प्रमिलाची सोयरीक झाली होती डिसेंबरात. प्रमिला म्हणजे श. ची थोरली मुलगी, तुमच्या पुस्तकातली सोळा वर्षांची. आता एकोणीसची आहे. मे महिन्यात लग्न होतं.

उषाबाईनं अर्धं पान वाचलं अन् थांबली. बस, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून दोन माणसं आली. चहा नाही घेतला. साखरपुड्याची साडी परत मागितली. पोरीनं घडी घालून आणून दिली, ते साडी तिनं एकदाही नेसली नव्हती. माणसं म्हणाली, "रोग लपवला तुमी." अन् जाता जाता एकजण पोरीच्या बापाकडे, देवीदासभाऊंकडे पाहून म्हणाला, "तुमी तर लोकाईले प्रतिज्ञा देता ना, भाऊ? घरची बाई कुठं जाते ते पाहा पयले."

देवीदासभाऊंना तेव्हा पहिल्यांदा कळलं, बायको जामसांवलीले गेली होती ते. स्वतःच्या अंगणात. परक्या माणसाच्या तोंडून.

किळस येऊन राहिली मले, ताई. तुमच्या पुस्तकाची, त्या गुळगुळीत कागदाची. न विचारता माझ्या वह्या उचलून नेल्या अन् त्याचं असं केलं. पाहुण्यांना घेऊन येऊ नका.

यमुना


सौंसर
२१ फेब्रुवारी १९८७, शनिवार

जयश्रीताई,

तुमचं आंतर्देशीय आलं. मी तीनदा वाचलं. दर वेळी वाटलं, खाली कुठंतरी एक ओळ असेल, पोरगी कशी आहे म्हणून. नाही. तुम्ही लिहिता, 'नाव बदललं होतं. गोपनीयतेचा नियम आम्ही काटेकोर पाळला आहे.'

ताई, खैरटेकडीत बासष्ट घरं आहेत. विहार एक. विहाराचा अध्यक्ष एक. त्याले बायको एक. नाव बदलून काय होते हो? नावानं कोण ओळखते गावात? माणूस ओळखू येते ते कोणाची सून, कोणाची जाऊ, कोणाच्या पोरीले काय होते, यानं. तुम्ही तेवढं सगळं ठेवलं अन् जे कोणाले लागतच नाही ते नाव तेवढं बदललं. शहरात बसून पुस्तक केलं की असं होते. तिथं श. म्हटलं की हजार बाया. इथं श. म्हटलं अन् लहान लेकरूही शकुंतलाबाईच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं.

अन् हे 'व्यावसायिक अंतर ठेव' काय लिहिलं? हे वाचून तर मले ओकारीच आली. त्या बाईच्या चुलीपाशी मी दीड वर्ष बसली तेव्हा तुम्ही म्हणत होत्या, आणखी जवळ जा. आता घर पेटलं तर अंतर ठेव म्हणता.

अरविंदबाबूंनी परवा ऑफिसात बोलावलं. टेबलावर संत्री होती, सोलून खात होते, मलेही दोन फोडी दिल्या. म्हणे, "यमुना, पंधरा तारखेपर्यंत सांभाळून घे. पाहुण्यांनी हो म्हटलं तर पुढची तीन वर्षं आपलं काम चालते. तू असं कर, बायांना समजावून सांग, की संस्थेचा याच्यात काही संबंध नाही." मी म्हटलं, मग कोणाचा आहे? ते म्हणे, "अगं, गावात बोलणारी तोंडं काय कमी असतात का?"

बायांना समजवायची गरजच नाही पडली. गावानं आपापसात ठरवून टाकलं आहे कोणी सांगितलं ते.

चंद्रकलाबाईनं.

तुमाले आठवते ना, शकुंतलाबाईची धाकटी जाऊ. मंडळाच्या पैशाची डबी जिच्याकडे असायची. मोठ्यानं हसणारी, तुमच्या चष्म्याची नक्कल करायची. जामसांवलीले तीच सोबत गेली होती. जामसांवलीची गोष्ट पोरगी सोडली तर तीन बायांनाच माहीत. एक शकुंतलाबाई, जिनं केली. एक चंद्रकलाबाई, जी सोबत होती. अन् एक मी. मी तर मंडळाची. मंडळात पहिल्याच दिवशी सगळ्यांनी हात पुढे करून ठरवलं होतं, इथली गोष्ट इथंच. ते वाक्य मीच बोलायले लावलं होतं सगळ्यांना. मग माझं नाव कोण घेईन?

पुस्तक गावात कोणी पाहिलंच नाही. लोकांना एवढंच माहीत, पांढुर्ण्याले बातमी गेली. चंद्रकलाबाईचं माहेर पांढुर्ण्याकडचं. झालं मग.

दोन्ही घरांचं अंगण एकच होतं. आता मधात तुराट्यांचं कुंपण घातलं आहे, माणसाच्या छातीएवढं. शकुंतलाबाईनं स्वतः घातलं, दोरीनं आवळून. चंद्रकलाबाई पलीकडून दिवसभर ओरडली, "बाई, मी नाही वो सांगतलं! पोराची शपथ घेऊन सांगते, मी नाही सांगतलं!" शकुंतलाबाई गाठी मारत राहिली. मी तिथंच उभी होती. दोरीचं टोक खाली पडलं तर मी उचलून दिलं.

तुम्ही म्हणाल, तू बोलली काहून नाही? काय बोलणार होती मी? माझी नोकरी आहे, घरी आई आहे, अन् पंधरा तारीख आहे.

देवीदासभाऊंनी अध्यक्षपद सोडलं. रविवारी वंदनेले येतात, पण आत नाही बसत. बाहेर पायऱ्यांवर, चपलांपाशी. घरी बायकोच्या हातचं खात नाहीत, पोरगी वाढते तेव्हा खातात. मी त्यांना म्हटलं, भाऊ, आईचं मन होतं, पोरीसाठी गेली. ते म्हणे, "जाण्याचं नाही वो यमुना. मले सांगतलं असतं तर मी रागावलो असतो, चार दिवस. अकरा दिवस माहेरी आहे म्हणून मी इथं खुशाल होतो, त्याचं वाटते." मग विचारलं, "कोणाले तरी तिनं सांगतलंच ना? मले नाही सांगतलं."



उषाबाईचं तुम्ही विचारलं, की तिनं मुद्दाम केलं असेल काय. नाही हो. ते बिचारी वाचता वाचता अडखळली, चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, अन् ज्या ओळीवर होती तीच ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, मले चक्कर येऊन राहिली, अन् बसली. चष्म्याचं मले कसं माहीत ते विचारू नका.

पाहुणे आणू नका हे मी पुन्हा लिहिते.

यमुना


सौंसर
१ मार्च १९८७, रविवार

ताई,

प्रमिला चुलीत पडली.

शुक्रवारी सकाळी भाकरी करताना झटका आला. घरात कोणी नव्हतं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चंद्रकलाबाईनं कुंपणावरून पाहिलं अन् तुराट्या मोडून आत शिरली, तिनंच ओढून काढलं. शकुंतलाबाई आल्यावर पयले पोरीकडे धावली अन् मग चंद्रकलाबाईले म्हणाली, "जाय आता." चंद्रकलाबाईच्या बोटांनाही फोड आले होते. ते गेली.

दीड वर्ष झटका नव्हता तिले. तुमाले माहीत आहे ते. सातव्या प्रकरणाच्या शेवटी तुम्हीच तर लिहिलं, 'कार्यकर्तीने मुलीला नागपूरच्या रुग्णालयात नेले, नियमित गोळ्यांनी आज ती पूर्ण बरी आहे.' नागपूरले मी नेलं होतं, छोट्या लाइनच्या रेल्वेनं, खिडकीतून मान बाहेर काढून पोरगी किती हसत होती! डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पोरगी शहाणी, चुकवत नव्हती.

साडी परत गेली त्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली. मी शुक्रवारी दवाखान्यात बसली असताना तिनं सांगितलं. म्हणे, "गोळी घेतली म्हणजे रोग आहे. नाही घेतली म्हणजे नाही. लोक तर तेच पाहतात ना, यमुनाताई?" मी म्हटलं, वेडी आहे का, गोळी नाही घेतली तर मरशील. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तुह्यावर इस्वास ठेवून घेतल्या ना आतापावेतो. आता कोणावर ठेवाव?" गोळ्यांची डबी शकुंतलाबाईनं नाल्यात फेकली आहे. नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी माझ्याजवळ आहे, पण घेऊन चल म्हटलं तर ते येत नाही. अन् माझ्यासोबत पोरीले पाठवतही नाही. डॉक्टर सांगून राहिले, दुसरा झटका विहिरीवर आला तर?

म्हणजे आता गोष्ट अशी आहे, ताई. खरं सांगितल्याशिवाय पोरगी गोळी घेणार नाही. तिच्या आईचा कोणावर तरी विश्वास बसला पाहिजे, अन् तो बसायले पयले तिले कळलं पाहिजे की फोडणारी चंद्रकलाबाई नाही. ते सांगणारी जगात दोनच माणसं आहेत, एक तुम्ही, एक मी. तुम्ही तर अंतर ठेवून आहात.

तर आता मागच्या दोन पत्रांत जे खोटं लिहिलं ते मागे घेते.

तुम्ही वह्या न विचारता नेल्या असं मी लिहिलं. विचारून नेल्या. ऑफिसात मले कागद दिला होता, 'नोंदी छापण्यास माझी हरकत नाही'. मी सही केली. सही करताना मी शकुंतलाबाईले विचारलं नाही. मनात आलं होतं, विचारावं काय. मग वाटलं, विचारलं तर ते नाही म्हणेन.

छापायच्या आधी तुम्ही कच्ची पानं पाठवली होती, तपासून दे म्हणून. मी चार दिवस ठेवली. प्रस्तावनेत माझं नाव होतं, 'आमची तळमळीची कार्यकर्ती कु. यमुना सोमकुवर'. ते पान मी आईले दोनदा वाचून दाखवलं. सातवं प्रकरणही वाचलं. 'भाकर' चं 'भाकरी' करा एवढी एक दुरुस्ती लिहून पाठवली मी. एवढीच! थू माझ्या तोंडावर.

अन् शिबिरात मी होती. पहिल्या रांगेत. अरविंदबाबूंनी मले गुलाबाचं फूल दिलं, 'हीच ती कार्यकर्ती' म्हणून उभं केलं, बायांनी टाळ्या वाजवल्या. उषाबाई वाचायले लागली तेव्हा, खरं सांगते, पहिल्या चार ओळी मले चांगलं वाटलं. माझी नोंद, माझी मेहनत, हॉलभर ऐकू येऊन राहिली. तिनं चष्मा पुसला तेव्हा मले कळलं, काय होऊन राहिलं ते. तरी मी उठून 'थांबवा' नाही म्हटलं. फूल हातातच होतं.

आणखी एक राहिलं, ते सगळ्यात घाण. शकुंतलाबाईनं मले पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की पोरीले झटके येतात अन् जामसांवलीले नेलं होतं. मी ते वहीत लिहिलं. तुम्ही समासात लाल शाईनं लिहिलं, 'खूप छान, यमू! आणखी खोलात जा.' मग मी पुन्हा गेली. तिच्या पोरीसाठी नाही गेली. तुमच्या लाल शाईसाठी गेली. संत्र्याच्या बागेत ते तोडीले होती, मी तिच्यासोबत टोपली धरून दिवसभर फिरली अन् एकेक गोष्ट काढली. नवऱ्याले काय सांगून निघाली, रात्री कुठं निजली, नारळ फोडताना मनात काय आलं. ते रडली. मी तिचे डोळे पुसले अन् मनात शब्द पाठ करत होती, घरी जाईपर्यंत विसरू नये म्हणून.

हे तुम्ही शिकवलं. पण शिकणारी मी होती. मले माझ्याच हाताची शिसारी येऊन राहिली आहे. जेवताना पाहवत नाही.

मंगळवारी मंडळाचा दिवस आहे. महिनाभर कोणी आलं नाही. मी घरोघर जाऊन बोलावणार आहे.

यमुना


सौंसर
११ मार्च १९८७, बुधवार

जयश्रीताई,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. 'भावनेच्या भरात काही करू नको, मी आल्यावर बसून बोलू.' उशीर झाला.

तीन तारखेलेच मी गेली. पयले चंद्रकलाबाईच्या घरी. तिनं दार उघडलं, बोटांना हळद लावली होती. मी म्हटलं, मंडळाले चल. ते म्हणे, "मले कोण बसू देईन तिथं? लाज आहे का तुले बोलावायले?" मी म्हटलं, आहे थोडीशी, म्हणूनच बोलावते. तिनं चपला घातल्या.

शकुंतलाबाईच्या अंगणात अकरा बाया जमल्या. देवीदासभाऊ ओट्यावर बसून होते, उठले नाहीत. चंद्रकलाबाई मोडलेल्या कुंपणाच्या पलीकडेच बसली. मी सांगायले सुरुवात केली अन् मले तीच तुमची भाषा यायले लागली. काही त्रुटी राहिल्या, काही गैरसमज झाले. शांताराम तेल्याची म्हातारी म्हणाली, "काय बोलून राहिली वो हे? सरकारी माणसासारखी?"

मग मी थांबली. पिशवीतून तीच वही काढली, छापून झाल्यावर तुम्ही परत पाठवलेली, अन् प्रमिलाच्या हातात दिली. म्हटलं, वाच. तिले वाचायले मीच शिकवलं होतं, प्रौढ वर्गात.

उजव्या हाताले पट्टी, डाव्या हातानं पान पलटवत पोरीनं स्वतःच्या घराची गोष्ट वाचली. सगळी वाचली. झटक्यात तिचे कपडे ओले व्हायचे तेही मी लिहिलं होतं, तेही तिनं वाचलं. आवाज नाही कापला. समासातलं लालही वाचलं, 'खूप छान यमू आणखी खोलात जा', तिले वाटलं तेही गोष्टीतलंच आहे. मग मी पुस्तक काढलं, छापलेलं दाखवलं, शिबिराचं सांगितलं, फुलाचं सांगितलं. अन् म्हटलं, चंद्रकलाबाईनं कोणाले काही सांगितलं नाही. मी सांगितलं. अन् महिनाभर तिच्यावर आळ येत होता तो मी येऊ दिला.

चंद्रकलाबाई उठली. कुंपणातून इकडे आली. माझ्या समोर उभी राहिली अन् थुंकली. माझ्यावर नाही, माझ्या पायापाशी. मग विचारलं, "दवाखान्याची चिठ्ठी कुठं आहे?"

मी दिली.

"कोणत्या गाडीनं जायचं असते नागपूरले? कोणत्या नंबरच्या खोलीत?" मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं अन् चिठ्ठी कमरेले खोचली. शकुंतलाबाईकडे पाहिलंही नाही, पोरीले म्हणाली, "उद्या सकाळी तयार राहाजो. मी नेते."

तेव्हा शकुंतलाबाई रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. चंद्रकलाबाईनं तिले जवळ नाही घेतलं, नुसती बाजूले बसली. मग शकुंतलाबाई मले म्हणाली, "यमुना, मी तुले लेक म्हणत होती. आता नाही म्हणत. चहा पिऊ नको माह्या घरी. मंडळाले ये, तुले कायदेकानू समजतात ते सांग. पण दाराशी बसजो. अन् आमच्या बोलण्यातलं काही लिहिजो नको."

बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी त्या तिघी नागपूरले गेल्या. देवीदासभाऊ रामाकोन्याच्या स्टेशनपर्यंत पोचवायले गेले. बायकोशी बोलले नाहीत, पण पोरीची पिशवी त्यांनीच धरली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चंद्रकलाबाई सकाळ संध्याकाळ स्वतः येते अन् समोर उभी राहून गिळायले लावते. कुंपण अजून आहे, एक माणूस जाईन एवढी वाट ठेवली आहे. सोयरीक मोडली ती मोडली. उषाबाई एकदा येऊन गेली, बाहेरच उभी राहून रडली, पण पोरगं मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर नाही म्हणे.

आता तुमच्या पंधरा तारखेचं.

काल पुन्हा मंडळ बसलं. मी दाराशी होती. तुमचं येणं मी सांगितलं, म्हटलं नाही म्हणून कळवते. म्हातारी म्हणाली, "काहून नाही? येऊ दे. आपल्या घरी चार वर्षं जेवली ते बाई." मग चंद्रकलाबाईनं विचारलं, "तिच्या नवऱ्याचं नाव काय आहे वो?"

कोणालेच माहीत नाही. शकुंतलाबाईनं विचारलं, लेकरं किती आहेत? आहेत का? सासू आहे का घरात? तिचं सासूशी पटते का? मले विचारलं. मलेही माहीत नाही, ताई! चार वर्षं. तुमाले आमच्यापैकी कोणाची पाळी कधी चुकली, कोणाचा नवरा कुठं जातो, कोण कुठं नवस करून आली, सगळं माहीत. अन् आमाले तुमचं आडनावही पुस्तकावर पाहून कळलं.

तर बायांनी एकमतानं ठरवलं आहे, अन् हे मी स्वतःच्या मनचं एक अक्षर न टाकता कळवते. अरविंदबाबूंनाही सांगितलं, ते संत्रं तसंच ठेवून मले 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले.

पंधरा तारखेले पाहुण्यांना घेऊन जरूर या. अंगणात गोणपाटं टाकू, चहा करू. पयले तुम्ही सांगायचं. तुमच्या घरात नवऱ्यापासून काय लपवलं आहे, कोणाले कोणता रोग आहे, रात्री कोण रडते. मग पाहुण्यांनी आपापलं सांगायचं. खोलात जाऊन सांगायचं. तुमचं झालं की मग आमी बोलू.

प्रमिला लिहून घेईन. तिचा उजवा हात अजून चालत नाही, डाव्यानं लिहिते, म्हणून सावकाश सांगा. अन् काळजी करू नका, नाव बदलू.

यमुना